आमच्या घरांतील नाताळ व मुलांच्या भेटी



धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेंत इतिहासपर असें कांहीं लिहून द्यावें, अशी संपादक मंडळींची इच्छा. इतिहास म्हटला कीं आम्हां पाद्री लोकांची लेखणी आपोआप चर्चच्या भिंती, घंटा, देणगीदार आणि बिशपांच्या भेटी यांकडे वळते. तो सारा वृत्तांत या अंकांत इतरत्र आलाच आहे. म्हणून भिंतींचा इतिहास सोडून मी घरांचा इतिहास घेतों. आणि घरांचाहि सगळा नव्हे, तर एकाच रात्रीचा. ती रात्र म्हणजे नाताळची, जिची वाट मुलें आगमनकाळाच्या पहिल्या रविवारापासून बोटांवर दिवस मोजीत पाहत असतात.

हा विषय सुचण्यास एक निमित्त घडलें. गेल्या आगमनकाळांत रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत मीं मुलांना विचारलें, “नाताळ हा कोणाचा सण?” सहा-सात वर्षांच्या एका मुलीनें क्षणभरहि न थांबतां उत्तर दिलें, “सांताक्लॉजचा.” वर्ग हंसला, मीहि हंसलों. परंतु जेवणाच्या वेळीं तें उत्तर पुन्हां आठवलें आणि तेव्हां हंसूं आलें नाहीं. मुलीचा त्यांत कांहीं अपराध नव्हता. तिनें जें पाहिलें तेंच सांगितलें. दुकानाच्या कांचेवर, शाळेच्या फळ्यावर, आईच्या मोबाईलवर, केकच्या खोक्यावर तिला तांबड्या अंगरख्याचा तो लठ्ठ म्हातारा भेटतो. गव्हाणींतलें बाळ तिला वर्षांतून दहा-बारा दिवस, तेंहि चर्चच्या एका कोपऱ्यांत दिसतें. तेव्हां हा म्हातारा कोण, मुलांना भेटी देण्याची चाल कोठून आली, आणि तो आपल्या किनाऱ्यावर येण्यापूर्वीं आपल्या आज्या-पणज्या ही रात्र कशी साजरी करीत, हें एकदां नीट सांगावें असें मनांत आलें.

प्रथम ‘नाताळ’ हा शब्दच पाहूं. तो संस्कृतांतून आलेला नाहीं. लॅटिन भाषेंत ‘नातालिस’ म्हणजे जन्मासंबंधीचा. त्यावरून पोर्तुगीजांचा ‘नाताल’ झाला, आणि पोर्तुगीजांच्याच गलबतांतून तो कोंकणच्या किनाऱ्यावर उतरला. पाव, पगार, चावी, साबण, पाद्री हे शब्दहि त्याच मार्गानें आले आणि मराठींत इतके मुरले कीं आज त्यांना कोणी परके म्हणत नाहीं. आपले हिंदु व मुसलमान शेजारी या सणाला नाताळच म्हणतात. अलीकडे आपलींच मुलें त्याला ‘क्रिसमस’ म्हणूं लागलीं आहेत, ही गोष्ट वेगळी!

आतां तारीख. ती शुभवर्तमानांत नाहीं. संत लूक जन्माचें गांव सांगतो, गव्हाण सांगतो, मेंढपाळांची रात्रपाळी सांगतो. पण महिना सांगत नाहीं. इ. स. ३५४ सालीं रोम येथें सिद्ध झालेल्या एका पंचांगांत २५ डिसेंबर हा प्रभूचा जन्मदिवस म्हणून नोंदलेला आढळतो, आणि त्यांतील ती यादी ३३६ सालच्या सुमाराची असावी असें विद्वान मानतात. पूर्वेकडील कित्येक ठिकाणीं हा सोहळा ६ जानेवारीला होत असे. अंत्युखिया नगरांत संत योहान ख्रिसोस्तम ३८६ सालीं आपल्या लोकांना रोमची तारीख प्रवचनांतून समजावून देत होता. तारखेवरचे वाद हे सणाइतकेच जुने आहेत, एवढें ध्यानांत ठेवून पुढें जाऊं.

मुलांच्या दृष्टीनें महत्त्वाचा प्रश्न भेटींचा. पहिल्या नाताळच्या भेटी कोणत्या, हें संत मत्तयानें लिहून ठेविलें आहे: सोनें, ऊद व गंधरस. आणणारे ज्ञानी लोक पूर्वेकडून आले. ते किती होते हें तो सांगत नाहीं. तीन भेटींवरून तीन माणसें आपण कल्पिलीं. परंतु त्या भेटींची दिशा पाहावी. त्या बाहेरून आल्या, आणि एका गरीब कुटुंबांतील मुलाच्या पुढ्यांत ठेविल्या गेल्या. देणारे परके, घेणारें एक लेंकरूं. देऊन झाल्यावर ते निराळ्या वाटेनें आपल्या देशीं निघून गेले. आभार ऐकावयास थांबले नाहींत.

पुढें कित्येक शतकें भेटी देण्याचा दिवस हाच, म्हणजे ६ जानेवारीचा, राहिला. स्पेन देशांत अजूनहि मुलांचीं खेळणीं ‘तीन राजे’ आणतात. मुलें रात्रीं आपले जोडे बाहेर ठेवतात आणि राजांच्या उंटांसाठीं पाणी व चारा ठेवतात. इटलींत त्याच रात्रीं बेफाना नांवाची म्हातारी घरोघर फिरते.

दुसरा धागा संत निकोलसचा. हा चौथ्या शतकांत आजच्या तुर्कस्तानांतील मायरा या गांवचा बिशप होता. त्याच्याविषयींची आख्यायिका अशी: एका कंगाल झालेल्या गृहस्थाच्या तीन मुली हुंड्याअभावीं उजवल्या जात नव्हत्या आणि त्यांची अब्रू जाण्याची वेळ आली होती. निकोलसनें तीन वेगवेगळ्या रात्रीं त्यांच्या खिडकींतून सोन्याची एकेक थैली आंत टाकली. कोणी टाकली हें घरच्यांना कळूं नये म्हणून त्यानें रात्र निवडली. हुंड्यापायीं पोरी घरांत अडकून पडतात, हें दुःख आपल्या लोकांना समजावून सांगावें लागत नाहीं. रात्रीं गुपचूप येऊन भेट टाकणारा पाहुणा, ही कल्पना तेथून निघाली. आणि त्याच्या सणाच्या दिवशीं, म्हणजे ६ डिसेंबरला, युरोपच्या बऱ्याच भागांत मुलांना खाऊ मिळूं लागला. १०८७ सालीं त्याच्या अस्थि इटलींतील बारी शहरांत नेण्यांत आल्या आणि त्याची कीर्ति पश्चिमेंत आणखी वाढली.

सोळाव्या शतकांत मार्टिन लूथरच्या पंथीयांनीं संतांचें माहात्म्य कमी करण्यासाठीं भेटी आणण्याचें काम निकोलसकडून काढून घेऊन खुद्द बाळ येशूकडे सोंपविलें. मौज अशी कीं पुढें बव्हेरिया व ऑस्ट्रिया या कॅथलिक मुलुखांतील मुलें बाळ येशूचीच वाट पाहूं लागलीं, आणि उत्तरेकडील लूथरपंथीय घरांत एका दाढीवाल्या म्हाताऱ्याचा प्रवेश झाला. धर्मपंडितांचे बेत मुलांच्या दारीं असे उलटे-पालटे होतात.

डच लोक आपल्या ‘सिंटरक्लास’ला, म्हणजे संत निकोलसलाच, अमेरिकेंत घेऊन गेले असें म्हणतात. न्यूयॉर्क संस्थानांतील ट्रॉय गांवच्या वृत्तपत्रांत २३ डिसेंबर १८२३ रोजीं एक निनांवी कविता छापून आली. तींत तो घसरगाडींत बसून, आठ सांबरें जुंपून, धुराड्यांतून घरांत उतरतो. १८६३ पासून थॉमस नास्ट नांवाच्या चित्रकारानें त्याचीं चित्रें काढलीं, आणि १९३१ पासून कोका-कोला कंपनीच्या जाहिरातींसाठीं हॅडन सुंडब्लोम यानें त्याला आजचें गुबगुबीत रूप दिलें. तांबडा अंगरखा या कंपनीनेंच दिला असें पुष्कळ लोक सांगतात, तें खरें नव्हे. अंगरखा त्यापूर्वींच तांबडा झाला होता. कंपनीनें त्याला जगभर ओळख दिली, एवढेंच. पण मायरापासून तेथवरच्या प्रवासांत बिशपाचा मुकुट जाऊन कानटोपी आली, हातांतील धर्मदंड गळून पडला, आणि ज्या तीन मुलींसाठीं तो अंधारांत घराबाहेर पडला होता त्यांची आठवण कोणालाच राहिली नाहीं.

नाताळच्या झाडाविषयीं दोनच शब्द. १६०५ सालच्या एका जुन्या टिपणांत स्ट्रासबुर्ग शहरांतील घरोघरीं कागदी गुलाब व सफरचंदें लावलेलीं झाडें उभीं केल्याचा उल्लेख आहे. १८४८ सालीं राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचें झाडाभोंवतालचें चित्र लंडनच्या सचित्र पत्रांत आलें आणि इंग्रजी राज्यांत तें सर्वत्र गेलें. रोममध्यें संत पेत्राच्या चौकांत झाड उभें राहिलें तें मात्र १९८२ सालीं. आमच्या वसईकडे देवदार कोठून असणार? सुरूची एक फांदी तोडून ती रेती भरलेल्या डब्यांत उभी करीत, आणि कापसाचें बर्फ! बर्फ कोणीहि पाहिलेलें नव्हतें.

या सर्वांहून मला प्रिय असलेली गोष्ट ग्रेच्चो येथील आहे. १२२३ सालच्या नाताळांत आसिसीकर संत फ्रान्सिसनें इटलींतील त्या डोंगरी गांवांत एका गुहेंत गव्हाण मांडली, गवत पसरलें, जिवंत बैल व गाढव आणून उभे केले, आणि तेथेंच मध्यरात्रींची मिस्सा झाली. फ्रान्सिस धर्मगुरु नव्हता, उपसेवक होता. त्यानें शुभवर्तमान गाऊन वाचलें. आपल्या घरांतील गोठा तेथून आला. चेलानोचा थॉमस या त्याच्या समकालीन चरित्रकारानें आणखी एक गोष्ट नोंदली आहे ती फारशी सांगितली जात नाहीं. फ्रान्सिस म्हणे कीं नाताळच्या दिवशीं श्रीमंतांनीं गरिबांना पोटभर जेवूं घालावें, बैल व गाढव यांना नेहमींपेक्षां अधिक वैरण मिळावी, आणि राजाची भेट झाली तर रस्त्यांवर पांखरांसाठीं धान्य टाकण्याचा हुकूम काढण्यास मी त्याला सांगेन. आमच्या शेतकरी आजोबांना फ्रान्सिसचें चरित्र ठाऊक नव्हतें. तरीहि २५ तारखेला सकाळीं ते बैलांना आंबोण घालून मगच न्याहारीला बसत.

आतां आपल्या किनाऱ्याकडे येतों. पोर्तुगीजांनीं चौल येथें १५२१ सालीं किल्ला बांधावयास घेतला; १५३४ सालीं वसई त्यांच्याकडे आली. इंग्लंडांत जन्मलेला येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास पोहोंचला. येथील लोकांची भाषा तो इतका शिकला कीं त्यानें सुमारें ११ हजार ओव्यांचें ख्रिस्तपुराण रचिलें, आणि तें १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. बेथलेहेमची रात्र मराठी ओवींत प्रथम तेथें ऐकूं आली. ज्या मुलांना लॅटिन मिस्सेंतील एक शब्दहि कळत नसे, त्यांना नाताळची कथा आपल्या आईच्या बोलींत मिळाली, हें मी त्या काळची सर्वांत मोठी भेट समजतों.

१७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई घेतली, आणि पुढच्याच वर्षीं चौल मराठ्यांकडे आलें. युरोपीय धर्मगुरु निघून गेले. गोव्याकडील देशी धर्मगुरूंनीं कळप सांभाळला. ज्या वाडींत मिस्सेला पाद्री वेळेवर पोहोंचत नसे, तेथें सण टिकविला तो घरांनीं, आणि घरांतहि बायकांनीं, असें माझें मत आहे. आपल्याच रायगड जिल्ह्यांत रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई गांव आहे. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेंहून अधिक वर्षें झालीं, पण तेथील कांहीं शेंकडे ख्रिस्ती लोक पोर्तुगीजवर आधारलेली आपली बोली अजून घरांत बोलतात. मराठी शेजार, मराठी शाळा, मराठी बाजार, आणि चुलीपाशीं ती जुनी बोली. जें राजसत्तेला राखतां आलें नाहीं, तें चुलीनें राखलें.

चुलीवरून मला माझें घर आठवलें. माझा जन्म वसई तालुक्यांतील एका वाडींत शेतकरी कुटुंबांत झाला. आमच्याकडे नाताळची सुरुवात नाचणीनें होई. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यांत आजी करवंट्यांत व जुन्या बशांत माती भरून नाचणी पेरीत असे आणि पाणी घालण्याचें काम आम्हां मुलांकडे असे. चोवीस तारखेपर्यंत तिचे हिरवेगार, बोटभर उंच कोंब येत. तें गोठ्यांतील कुरण. गोठा मोठे भाऊ पेंढा व बांबूच्या कामट्या घेऊन बांधीत. दारावरचा तारा कामट्यांना पतंगाचा कागद चिकटवून घरींच होई. दिवाळींत शेजारच्यांचा आकाशकंदील ज्या हातांनीं बांधला, तेच हात आमच्या ताऱ्यालाहि लागत.

मग फराळ. रात्रीं जेवणें आटोपलीं कीं कुलकुल करावयास सारें घर पाटाभोंवतीं बसे. मैदा व रवा नारळाच्या दुधांत व अंड्यांत मळून त्याची सुपारीएवढी गोळी नव्या कंगव्यावर दाबावयाची आणि गुंडाळी करावयाची. कंगवा नवाच हवा; आजी स्वतः तो उकळत्या पाण्यांतून काढून तपासून घेई. लहानांच्या गुंडाळ्या वेड्यावांकड्या होत, पण त्या कोणी मोडून पुन्हां करीत नसे. त्या तशाच तळल्या जात आणि खातांना जो तो आपली ओळखून काढी. नेवऱ्यांत खोबरें, रवा, तीळ. दोदोल मात्र मोठ्यांचें काम. तांदुळाचें पीठ, गूळ व नारळाचें दूध तांब्याच्या पातेल्यांत तासन्‌तास ढवळावें लागे, आणि ढवळणाऱ्याचा हात थांबला कीं आजीचा आवाज येई.

यांतलें कांहींहि चोवीस तारखेच्या रात्रीपूर्वीं तोंडांत घालावयास मिळत नसे. आजीच्या लहानपणीं ख्रिस्तसभेच्या नियमाप्रमाणें नाताळची पूर्वसंध्या हा उपासाचा व मांसवर्ज्याचा दिवस होता. १९६६ सालीं पोप पौल सहावे यांनीं उपासाचे नियम बदलले. माझा जन्म त्यानंतरचा. पण आमच्या आजीपर्यंत तें फर्मान पोहोंचलें नव्हतें, किंवा पोहोंचूनहि तिनें तें मनावर घेतलें नव्हतें. फराळाचे डबे आढ्याला टांगलेले असत. त्या वासांत आम्ही दिवस काढीत असूं.

मध्यरात्रींची मिस्सा आटोपून धुक्यांतून, कंदिलाच्या उजेडांत घरीं आलों कीं कोणी लगेच फराळावर बसत नसे. गोठ्यांतील गव्हाण तोंवर रिकामी असे. घरांतील सर्वांत लहान मूल बाळ येशूची मूर्ति दोन्ही हातांत धरून आणी आणि गव्हाणींत ठेवी. मग प्रार्थना, मग थोरांच्या पायां पडणें. गोव्याकडील घरांत मुलें हात जोडून ‘बेसांव’ मागतात तसेंच हें. आणि मग आजी आपली पत्र्याची पेटी उघडी. आमच्या भेटी वर्तमानपत्राच्या कागदांत गुंडाळलेल्या असत. तिघां भावांना एकाच ताग्यांतून शिवलेले तीन सदरे, बहिणीला त्याच दुकानचें फुलांचें झबलें, आणि एकेक संत्रें. त्यांत अचंबा कसला? शिंप्यानें मापें आमच्यादेखतच घेतलेलीं असत. तरीहि कागद सोडतांना हात कांपत, हें मी शपथेवर सांगतों. एका वर्षीं वडिलांनीं मुंबईहून किल्लीची पत्र्याची मोटार आणली. मोटार एक आणि मुलें चार, पाळ्या ठरल्या, आणि दुसऱ्या दिवशीं, संत स्तेफनच्या सणाला, माझ्या पाळींत तिची कमान तुटली. त्यावरून झालेलें भांडण आमच्या बहिणीच्या लग्नांतहि निघालें होतें.

परंतु आम्हां मुलांच्या मनांत नाताळची खरी धांदल भेटीची नव्हतीच. ती असे पंचवीस तारखेच्या सकाळची, ताटांची. आजी चौदा-पंधरा ताटें मांडी. प्रत्येकांत नेवऱ्या, कुलकुल, दोदोलाची वडी, केळीं. वरून विणलेला पांढरा रुमाल. पोर्तुगालांत ‘कोन्सोआदा’ म्हणजे नाताळच्या रात्रीचें घरगुती जेवण. गोव्यांत तोच शब्द शेजारीं पाठविण्याच्या ताटाला लागला. मला हा बदल फार अर्थपूर्ण वाटतो. घरांतलें जेवण उंबरठा ओलांडून बाहेर पडलें. आमच्याकडे दिवाळींत ज्या घरांतून करंज्या आल्या, त्या घरीं नाताळांत नेवऱ्या जात. करंजी आणि नेवरी यांत फरक काय, हें मला सेमिनरींत आठ वर्षें शिकूनहि सांगतां येणार नाहीं. ताटें पोंचविणें हें मुलांचें काम. कोणत्या घरीं अगोदर जावयाचें याचा आजीचा नियम ठरलेला होता: ज्या घरीं त्या वर्षीं मरण झालें, तेथें प्रथम, कारण सुतकाच्या वर्षीं त्यांची कढई चढलेली नसे. नंतर विधवांचीं घरें, नंतर हिंदु शेजारी, नंतर नातलग, आणि सर्वांत शेवटीं पाटील. ताट कधीं रिकामें परत येत नसे. कांहींच नसलें तर चिमूटभर साखर तरी कागदाच्या पुडींत घालून देत.

म्हणजे जुन्या घरांत मूल हें भेट घेणारें कमी आणि भेट नेणारें अधिक होतें. ज्ञानी लोकांचें काम तें करीत असे.

आतां पनवेल पाहा. हें खाडीवरचें जुनें बंदर. बोरघाटांतून आगगाडी जाण्यापूर्वीं मुंबईहून पुण्यास जाणारे प्रवासी गलबतानें येथें उतरत व पुढें सडकेनें जात. गांवची नगरपालिका १८५२ सालची. महानगरपालिका झाली ती २०१६ सालीं. १९७० मध्यें सिडको स्थापन झाल्यावर भाताच्या शेतांतून वसाहती उठल्या, आणि देशाच्या कोनाकोपऱ्यांतून माणसें आलीं. आपल्या धर्मग्रामांतच वसईकर, मुंबईचे ईस्ट इंडियन, गोंयकार, मंगळूरकर आणि केरळीय कुटुंबें एका बांकावर बसतात. मंगळूरकरांचा कुसवार, केरळीयांचा अच्चप्पम, आमची नेवरी. एका मजल्यावर तीन प्रांतांच्या कढया चढतात. ही श्रीमंती आमच्या वाडींत नव्हती.

तथापि फ्लॅटच्या दाराला आंतून कडी असते. ताट घेऊन निघालेल्या मुलाला पहारेकरी विचारतो कीं कितवा मजला, कोणाकडे, फोन केला होता का. आई-बाप दोघेहि नोकरीला. चोवीस तारखेला रात्रीं नऊला घरीं आलेल्या बाईनें कंगव्यावर कुलकुल वळावे असें कोणत्या तोंडानें सांगावें? मी सांगत नाहीं. फराळाचा पुडा विकत येतो, भेटी खोक्यांतून येतात. घरांत मूल एक किंवा दोन, आणि भेटी देणारे आजोबा, आजी, काका, मामा, मावशी. गेल्या वर्षीं एका घरीं मीं चार वर्षांच्या मुलाला अकरा खोकीं फोडतांना पाहिलें. सातव्या खोक्यापाशीं तो रडूं लागला. आईला वाटलें भूक लागली. मला वाटतें तो थकला होता.

मी हें दोष देण्यासाठीं लिहीत नाहीं, कारण माझाहि दोष सांगावयाचा आहे. कित्येक वर्षांपूर्वीं मी दुसऱ्या एका धर्मग्रामांत होतों. त्याचें नांव येथें नको. तरुण मंडळींनीं नाताळच्या संध्याकाळीं मुलांसाठीं सांताक्लॉज आणावयाचें ठरविलें, आणि मीं ताबडतोब मान डोलावली. व्यवस्था अशी कीं पालकांनीं आपल्या मुलाची भेट नांवाची चिठ्ठी लावून आगाऊ कार्यालयांत द्यावी. सांता पोतडींतून एकेक काढून नांव पुकारील. मुलांना वाटावें कीं दूर देशाहून कोणी आपल्याला नांवानें ओळखतो. कल्पना गोड होती. ती अंमलांत येतांना काय होईल, हें मला सुचावयास हवें होतें. पन्नास घरांचीं दुःखें ठाऊक असलेला मीच होतों.

नांवें पुकारलीं गेलीं. कोणाला सायकल, कोणाला बाहुली. आठ वर्षांचा एक मुलगा पहिल्या रांगेंत उभा होता. त्याच्या बापाचा कारखाना बंद पडून वर्ष होत आलें होतें आणि आई त्यापूर्वींच वारलेली. घर आजी चालवीत होती. चिठ्ठीची सूचना मिस्सेनंतर इंग्रजींत वाचली गेली होती, ती म्हातारीला समजली नव्हती. समजली असती तरी तिनें काय आणलें असतें? प्रत्येक नांवाला मुलगा किंचित पुढें सरके. शेवटीं पोतडी रिकामी झाली. सांता झालेल्या पोरानें ती उलटी करून झटकली, हात घालून तळ चांचपला, आणि माझ्याकडे पाहिलें. त्याच्या कापसाच्या दाढीवर घाम आला होता. मी धांवत आंत गेलों. टेबलावर जपमाळ व एक पेन होतें, तें घेऊन आलों. तोंवर मुलगा निघून गेला होता.

त्या रात्रीं मिस्सेंत मीं ज्ञानी लोकांच्या भेटींवर प्रवचन केलें. तें आधींच लिहून ठेविलेलें होतें. मी तें वाचलें, पण माझा आवाज मलाच ऐकवत नव्हता.

सकाळीं साडेसातला दारावर थाप पडली. तोच मुलगा. अंगांत धुतलेला, इस्तरी न केलेला सदरा. हातांत ॲल्युमिनियमची थाळी, वर विणलेला रुमाल. “फादर, आजीनें पाठवलंय. नाताळच्या शुभेच्छा.” थाळींत सहा नेवऱ्या होत्या आणि थोडे कुलकुल. रात्रीचा विषय त्यानें काढला नाहीं, आणि मलाहि काढतां आला नाहीं. मीं विचारलें, “अजून कोठें जावयाचें आहे?” तो म्हणाला, “अजून दोन घरं आहेत. तुमचं पहिलं.” आमच्या आजीच्या यादींत पहिलें घर कोणाचें असे, तें मला त्या क्षणीं आठवलें. मुलाच्या आजीचाहि तोच नियम असेल काय, आणि पाद्र्याच्या घरीं कढई चढविणारें कोणी नसतें असें तिच्या मनांत आलें असेल काय, हें मीं कधीं विचारलें नाहीं.

त्यानंतरच्या वर्षापासून माझ्या धर्मग्रामांत भेटींवर नांव लिहिलें जात नाहीं. आगमनकाळाच्या चौथ्या रविवारीं मुलें एकेक भेट आणून रिकाम्या गव्हाणीशीं ठेवतात. ती कोणाला गेली हें त्यांना कळत नाहीं. येथें पनवेललाहि तसेंच चालूं आहे. पहिल्या वर्षीं एक पालक रागावून भेटावयास आले कीं आमच्या मुलानें आपली आवडती मोटार ठेवून दिली, ती परत द्या. मीं ती शोधून दिली. दुसऱ्या दिवशीं मुलगा ती पुन्हां घेऊन आला.

त्या सकाळीं मीं नेवऱ्या बशींत काढल्या आणि थाळी धुतली. रिकामी कशी द्यावयाची? पाद्र्याच्या स्वयंपाकघरांत काय असणार! डबे उघडून पाहिले. चहाची पूड, मीठ, अर्धा पाव. शेवटीं साखर सांपडली. वर्तमानपत्राच्या तुकड्यांत तिची पुडी बांधून मीं थाळींत ठेवली, वर रुमाल घातला, आणि तो मुलगा उरलेल्या दोन घरांचें काम आहे म्हणून पायऱ्या उतरून धांवत गेला.